दुर्बिणीचा आणि क्षेपणास्त्राचा डोळा एकच!

खुलताबाद, प्रतिनिधी – चैत्र-वैशाखात वेरूळ-खुलताबाद परिसरातील काळा कातळ दिवसभर तापतो आणि सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ धग सोडत राहतो. अशा कातळभिंतीजवळून रात्री जाणाऱ्याला ती धग दगडाला हात न लावताच जाणवते. स्पर्शाविना चेहऱ्यापर्यंत पोहोचणारी ही धग म्हणजे वस्तुतः प्रकाशच असतो. मानवी डोळ्यांना तो दिसत नाही, इतकेच. विज्ञानाच्या भाषेत त्याला अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाश म्हणतात. रोज रात्री दूरचित्रवाणीवर मराठवाड्यावरील ढगांचे जे चित्र दाखवले जाते, ते याच प्रकाशात टिपलेले असते. जेम्स वेब दुर्बीण विश्वाचे बालपण याच प्रकाशात धुंडाळते आणि लढाऊ विमानाचा माग काढणारे क्षेपणास्त्रही याच प्रकाशाच्या आधारे आपले लक्ष्य गाठते.

ही तिन्ही कामे परस्परांपासून फार दूरची वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागचे तंत्र एकच आहे, त्यातील मुख्य अडचण एकच आहे आणि पुष्कळदा त्यांचा डोळा बनवणारा कारखानाही एकच असतो. अवरक्त प्रकाशाच्या अभ्यासात चार दशकांहून अधिक काळ मुंबईतील शास्त्रज्ञ गुंतलेले आहेत. त्यांच्या वाटचालीतील अनेक पेच समजून घ्यायचे असतील, तर प्रथम या प्रकाशाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रकाश बाहेर टाकते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या आसपास असल्याने त्याचा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतो आणि तो आपल्याला दिसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जेट इंजिनाचे तापलेले धुराडे सहाशे-सातशे अंशांवर असेल, तर त्याचा प्रकाश तीन मायक्रॉनच्या जवळपास एकवटतो. माणसाचे शरीर, घराची भिंत, खुलताबादचा कातळ या साऱ्यांचा प्रकाश दहा मायक्रॉनच्या आसपास असतो. आकाशगंगेत नवे तारे जेथे जन्म घेतात, तेथील धुळीचे ढग उणे अडीचशे अंशांच्या जवळपास गारठलेले असतात. त्यांचा प्रकाश तर शंभर मायक्रॉनपर्यंत जातो. वस्तू जितकी थंड, तितकी तिच्या प्रकाशाची तरंगलांबी अधिक. हा एक नियम ध्यानात ठेवला की पुढचे बरेचसे कोडे आपोआप उलगडते.

विल्यम हर्षेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. अवरक्त प्रकाशाचा शोध तो हाच. घरातील टीव्हीचा रिमोट हेही त्याचेच एक साधे रूप आहे. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, दुकानांच्या दारात कपाळासमोर धरले जाणारे तापमापक याच प्रकाशावर चालत होते.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. चित्रपटांत नायक रात्री भिंतीपलीकडचा शत्रू ‘इन्फ्रारेड’ चष्म्यातून पाहतो, ती निव्वळ कल्पना आहे. दहा मायक्रॉनच्या प्रकाशाला साधी खिडकीची काचदेखील भिंतीसारखी आडवी येते. म्हणूनच उष्णताचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगे काचेची नव्हे, तर जर्मेनियमसारख्या पदार्थाची असतात. युद्धाच्या बातम्यांत दिसणारी हिरवट रात्रदृश्ये हा तर सर्वस्वी निराळा प्रकार आहे. त्यात चांदण्यांचा अंधुक प्रकाश हजारो पटींनी वाढवला जातो. अशा प्रकाशवर्धक नळ्या पुण्याजवळ भोसरीत, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या परिवारातील कारखान्यात बनत आल्या आहेत. त्या नळ्यांना काही ना काही उजेड लागतोच. उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याला तोही लागत नाही.

हवेतील पाणी आड येते

खुलताबादहून काही किलोमीटरवर म्हैसमाळ आहे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे अधिक उंचीचे हे पठार पावसाळ्यातील धुक्यासाठी आणि गिरिजामातेच्या देवळासाठी सर्वांना परिचित आहे. पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण जेथे २००६ मध्ये सुरू झाली, ते जुन्नरच्या बाजूचे गिरवली साधारण एवढ्याच उंचीवर आहे. तारे पाहण्यासाठी ही उंची वाईट नाही. अवरक्त प्रकाशासाठी मात्र ती फारच तोकडी पडते, आणि त्याचे कारण आहे हवेतील बाष्प.

पाण्याची वाफ अवरक्त प्रकाश अक्षरशः पिऊन टाकते. एक ते अडीच मायक्रॉनच्या दरम्यान काही झरोके उघडे असतात, पुढे साडेतीन मायक्रॉनच्या आसपास एक असतो, आणि आठ ते तेरा मायक्रॉनदरम्यान एक मोठी खिडकी असते. तीस मायक्रॉनच्या पुढे मात्र जवळजवळ सारी दारे बंद होतात. पावसाळ्यात मराठवाड्यावरच्या हवेतील सारे बाष्प पिळून जमिनीवर पसरले, तर पाच-सहा सेंटीमीटरचा थर होईल. लडाखमधील हान्ले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, कोरड्या ऋतूत हाच थर दोन मिलिमीटरहून कमी असतो. देशातील अवरक्त खगोलशास्त्र राजस्थानातील माउंट अबू, उत्तराखंडातील देवस्थळ आणि लडाखमधील हान्ले असे उंच, कोरड्या जागा शोधत का गेले, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील, म्हणजे टीआयएफआरमधील शास्त्रज्ञांना तर शंभर मायक्रॉनच्या पलीकडचे पाहायचे होते. त्यासाठी कोणताही डोंगर पुरेसा उंच नव्हता आणि १९८०च्या दशकात स्वतःचा उपग्रह ही दूरची गोष्ट होती. त्यांनी फुग्याचा मार्ग धरला. टीआयएफआरचे हैदराबाद येथे फुगे उडवण्याचे केंद्र १९६९पासून आहे. पॉलिथिनच्या अतिशय पातळ पापुद्र्यापासून हे महाकाय फुगे तेथेच बनवले जातात. अशा फुग्याला एक मीटर व्यासाची दुर्बीण टांगून ती रात्री तीस किलोमीटरहून अधिक उंचीवर न्यायची, हवेचा नव्व्याण्णव टक्के भाग खाली सोडून आकाश न्याहाळायचे आणि पहाटे हवाई छत्रीने दुर्बीण खाली उतरवायची, असा हा उद्योग होता.

सांगायला सोपा वाटणारा हा उद्योग प्रत्यक्षात विलक्षण अवघड होता. वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला टांगलेली दुर्बीण आकाशातील एका बिंदूवर स्थिर ठेवायची, तीही जमिनीवरून रेडिओ संदेश पाठवून. शिवाय दुर्बिणीचा आरसा स्वतःच ‘चमकत’ असतो. उणे चाळीस-पन्नास अंशांवरचा आरसा आपल्याला बर्फाहून थंड वाटेल. पण उणे अडीचशे अंशांच्या धुळीचा मंद प्रकाश शोधणाऱ्या संवेदकाच्या दृष्टीने तो भर दुपारच्या सूर्यासारखाच असतो. यावर उपाय म्हणून दुर्बिणीतील धाकटा आरसा सेकंदाला सुमारे दहा वेळा हलवला जाई. एकदा तारका-प्रदेशाकडे, एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे. दोन्हींतील फरक तेवढा खगोलाचा, उरलेली सारी आपलीच उष्णता, असा तो हिशेब. भर बाजारात कोणाची कुजबुज ऐकायची असेल, तर आधी बाजाराचा गोंगाट किती हे मोजून वजा करावे लागते, तसाच हा प्रकार.

संवेदकही गारठवावा लागे. हेलियमच्या एका दुर्मीळ प्रकाराचा द्रव वापरून तो निरपेक्ष शून्य तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या, वर जेमतेम एक तृतीयांश अंशावर आणला जात असे. १९९०च्या दशकाअखेर जपानी अवकाशशास्त्रज्ञांनी बनवलेला वर्णपटमापक या दुर्बिणीला जोडण्यात आला. आयनीभूत कार्बन १५८ मायक्रॉनवर जो प्रकाश सोडतो, त्याचा नकाशा काढणे हा त्याचा उद्देश होता. मृग नक्षत्रातील तलवारीच्या जागी जो तेजोमेघ साध्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसतो, त्याच्या विस्तीर्ण परिसराचा असा नकाशा स्वर्णकांती घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. नवजात ताऱ्यांच्या प्रखर किरणांनी तापलेला वायू आपली उष्णता कोठे आणि कशी बाहेर टाकतो, हे त्यातून कळते. वायू थंड झाल्याशिवाय आकुंचन पावत नाही आणि आकुंचन पावल्याशिवाय तारा जन्मत नाही. कार्बनच्या या किरणांना खगोलशास्त्रात एवढे महत्त्व त्याचमुळे आहे.

या फुग्यांचा महाराष्ट्राशी आणखी एक संबंध आहे. हैदराबादहून सुटलेली उपकरणे वाऱ्याबरोबर वाहत तेलंगण, उत्तर कर्नाटक आणि सोलापूरच्या दिशेने उतरू शकतात. त्यामुळे उड्डाणांच्या हंगामापूर्वी आकाशातून उतरलेल्या पेट्यांना हात लावू नका, त्यावरील पत्त्यावर कळवा, अशी जाहीर सूचना वृत्तपत्रांतून दिली जाते. शेतात अचानक आलेली पांढरी हवाई छत्री आणि तिला बांधलेली पेटी पाहून कोणी घाबरल्यास नवल नाही. पण त्या पेटीत अनेक वर्षांची मेहनत असते.

आधी स्वतःला थंड करा

अवरक्त प्रकाशात पाहण्याची सर्वांत मोठी अडचण समोरची वस्तू अंधुक असणे ही नाही. पाहणाऱ्याची स्वतःची ऊब ही आहे. फुग्यावरची दुर्बीण असो, हवामान उपग्रह असो वा क्षेपणास्त्र, प्रत्येकाला हा प्रश्न सोडवावा लागला आणि प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडवला.

इन्सॅट मालिकेतील जुन्या उपग्रहांचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. एका बाजूला सौर पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला लांब दांड्याच्या टोकाला एक विचित्र शिडासारखी वस्तू. ही असमान रचना पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. त्याचे कारण हवामानचित्रे घेणाऱ्या अवरक्त संवेदकात आहे. हा संवेदक थंड ठेवण्यासाठी उपग्रहाच्या उत्तर बाजूस एक शीतक पट्टी बसवलेली असे. ती रिकाम्या, काळ्या अवकाशाकडे तोंड करून आपली उष्णता सोडून देत असे. ना यंत्र, ना वीज. मात्र त्या बाजूला सौर पट्ट्या लावल्या असत्या, तर त्यांची ऊब शीतकाला लागली असती. म्हणून सर्व पट्ट्या दक्षिणेकडे ठेवाव्या लागल्या. मग सूर्यप्रकाशाच्या दाबाने उपग्रह एका अंगाला कलू लागला असता. तो तोल सावरण्यासाठी दूरवर शीड बांधावे लागले. एका इवल्याशा चकतीला गारवा मिळावा म्हणून संपूर्ण उपग्रहाचा आकार बदलला गेला!

या खटाटोपाचे फळ शेतकऱ्यापासून वैमानिकापर्यंत सर्वांना मिळते. दृश्य प्रकाशातील ढगांचे चित्र सूर्य मावळताच संपते. अकरा मायक्रॉनच्या आसपास घेतलेले चित्र रात्रभर मिळत राहते. त्यात ढगाच्या माथ्याचे तापमान दिसते. माथा जितका थंड, तितका ढग उंच. उणे सत्तर अंशांचा माथा दिसला की तेथे गडगडाटी पाऊस असण्याची शक्यता मोठी. २०१३ मध्ये गेलेला इन्सॅट-३डी, २०१६चा ३डीआर आणि २०२४चा ३डीएस या उपग्रहांवर तर हवेच्या निरनिराळ्या थरांतील तापमान आणि बाष्प मोजणारे एकोणीस पट्ट्यांचे उपकरणही बसवण्यात आले. खगोलशास्त्रज्ञाला जे बाष्प अडथळा वाटते, तेच हवामानशास्त्रज्ञाला हवे असते.

चंद्रावरच्या पाण्याची कथाही अशीच आहे. चांद्रयान-१ वरील अमेरिकी उपकरणाने तीन मायक्रॉनच्या जवळ चंद्राच्या प्रकाशात एक घट टिपली आणि चांद्रपृष्ठावर पाण्याचे वा त्याच्या सगोत्र रेणूंचे अस्तित्व २००९ मध्ये जाहीर झाले. परंतु ते उपकरण नेमके तीन मायक्रॉनपर्यंतच पाहू शकत होते आणि नेमके तेथूनच चंद्राची स्वतःची उष्णता परावर्तित सूर्यप्रकाशात मिसळू लागते. त्यामुळे किती पाणी, याबद्दल वाद राहिला. चांद्रयान-२ वर भारतीय शास्त्रज्ञांनी पाच मायक्रॉनपर्यंत पाहणारा अवरक्त वर्णपटमापक बसवला. चंद्राची ऊब किती आणि पाण्याची खूण किती, हे वेगळे करणे त्यामुळे शक्य झाले. पुन्हा तोच वजाबाकीचा हिशेब.

या साऱ्याचा कळस म्हणजे जेम्स वेब दुर्बीण. २५ डिसेंबर २०२१ रोजी तिचे उड्डाण झाले. साडेसहा मीटर व्यासाच्या आरशावर सोन्याचा मुलामा आहे, कारण सोने अवरक्त प्रकाश उत्तम परावर्तित करते. तिला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर दूर ठेवले आहे, ते सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिन्ही एकाच बाजूला राहावेत म्हणून. त्या बाजूला टेनिस मैदानाएवढ्या पाच पदरी पडद्याची सावली धरली आहे. पडद्याच्या थंड बाजूचे तापमान उणे २३३ अंशांच्या जवळपास असते. तेवढेही एका उपकरणाला चालत नाही, म्हणून यांत्रिक शीतकाने ते उणे २६६ अंशांवर नेले जाते. याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी एक सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला ‘अलकनंदा’ असे नाव दिले. २०२५ मध्ये ही बातमी जाहीर झाली. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असताना ही दीर्घिका सुडौल बाहूंसह अस्तित्वात होती, हे त्यातील आश्चर्य. तिच्यातून निघताना जो प्रकाश अतिनील वा दृश्य होता, तो विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन आपल्यापर्यंत अवरक्त होऊन पोहोचला. वेबवाचून तो इतक्या स्पष्टपणे टिपता आला नसता.

ओझरची विमाने आणि कारगिलचे आकाश

शास्त्रज्ञ उष्णतेतून ताऱ्यांचे जन्म पाहत होते, त्याच काळात सेनादले तिच्यातून विमानाचा मृत्यू शोधत होती. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक येथील प्रयोगशाळेत विल्यम मॅक्लीन यांच्या चमूने साइडवाइंडर हे उष्णतावेधी क्षेपणास्त्र घडवले. १९५३ मध्ये त्याने प्रथमच आकाशातील लक्ष्य टिपले आणि १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर ते प्रत्यक्ष युद्धात वापरले गेले. त्या चकमकीत एक क्षेपणास्त्र न फुटताच एका चिनी मिग विमानात रुतून बसले. ते सोव्हिएत तंत्रज्ञांच्या हाती पडले आणि त्यावरून के-१३ हे सोव्हिएत क्षेपणास्त्र तयार झाले. पुढे ज्या मिग-२१ विमानांच्या बांधणीसाठी नाशिकजवळ ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्या विमानांच्या पंखाखाली हेच के-१३ होते.

त्या पहिल्या पिढीच्या क्षेपणास्त्रांचा डोळा शिशाच्या एका संयुगाचा आणि न थंड केलेला होता. तो दोन-तीन मायक्रॉनपर्यंतच, म्हणजे फक्त लालबुंद तापलेले धुराडे पाहू शके. शत्रूच्या शेपटीमागे गेल्याशिवाय तो निरुपयोगी होता. प्रसंगी तो सूर्याच्या मागेही धावे. नंतर इंडियम अँटिमोनाइड या पदार्थाचा डोळा आला. वायूच्या साहाय्याने तो गारठवला की तीन ते पाच मायक्रॉनदरम्यान दृष्टी मिळते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू, हवेच्या घर्षणाने तापलेले विमानाचे अंग, सारे त्याला दिसते आणि समोरून येणाऱ्या विमानावरही मारा करता येतो.

या शस्त्राची किंमत भारताने १९९९ मध्ये कारगिलमध्ये मोजली. २७ मे रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्राला बळी पडले. दुसऱ्याच दिवशी तोलोलिंगच्या परिसरात हल्ल्यासाठी गेलेल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरवर असेच क्षेपणास्त्र आदळले आणि चौघे हवाई योद्धे हुतात्मा झाले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडणारी यंत्रणा नव्हती. फ्लेअर म्हणजे विमानातून सोडले जाणारे जळते गोळे. इंजिनाहून ते अधिक तप्त असतात आणि क्षेपणास्त्राचा डोळा चुकवतात. यानंतर हवाई दलाने डावपेच बदलले. सशस्त्र हेलिकॉप्टरे आघाडीच्या माऱ्यातून मागे घेण्यात आली आणि विमाने क्षेपणास्त्राच्या पल्ल्याबाहेर, अधिक उंचीवरून उडू लागली. उंचावरून अचूक मारा करायचा तर दृष्टीही तशी हवी. मिराज-२००० विमानांना जोडलेल्या लक्ष्यवेधी कॅमेरा-पेटीने ती पुरवली आणि जून अखेर टायगर हिलवर लेझरच्या साहाय्याने बाँब टाकण्यात आले.

ओझरच्या कारखान्यात २००४पासून बांधली गेलेली सुखोई-३० विमाने पाहिली, तर वैमानिकाच्या पुढच्या काचेसमोर एक काचेचा गोळा दिसतो. तो त्या विमानाचा अवरक्त डोळा. रडार स्वतः लहरी सोडते आणि त्यामुळे स्वतःचा ठावठिकाणाही सांगून बसते. हा डोळा मात्र काहीच सोडत नाही, केवळ पाहतो. रडारपासून लपण्यासाठी घडवलेली अदृश्य विमानेही आपले इंजिन गार ठेवू शकत नाहीत, म्हणून या जुन्याच तंत्राला जगभर पुन्हा मागणी आली आहे. त्याची मर्यादाही ठरलेली आहे. ढग आणि दमट हवा आडवी आली की दृष्टी अधू होते, अगदी गिरवलीच्या दुर्बिणीसारखी. श्रावणातील आकाशात हे डोळे फारसे कामाचे नाहीत.

खगोलशास्त्रज्ञाची खरी पंचाईत सुरू होते ती येथे. टीआयएफआरच्या टिरकॅम-२ या कॅमेऱ्याने गिरवलीच्या दुर्बिणीवर काम केले आणि २०१६ मध्ये तो नैनितालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर गेला. तेथे तो साडेतीन मायक्रॉनच्या पट्ट्यातही आकाश टिपू शकला. भारतात हे दुर्मीळ आहे. या कॅमेऱ्याच्या हृदयात ५१२ गुणिले ५१२ बिंदूंची इंडियम अँटिमोनाइडची चकती आहे आणि ती उणे २३८ अंशांवर ठेवली जाते. ही चकती बनवणारी कंपनी आहे अमेरिकेची रेथिऑन. साइडवाइंडरची अलीकडची आवृत्ती, एआयएम-९एक्स, हीच कंपनी बनवते आणि तिच्या टोकावर १२८ गुणिले १२८ बिंदूंची, त्याच पदार्थाची चकती असते. मृग नक्षत्रातील तारे मोजणारा डोळा आणि विमान पाडणारा डोळा ही सख्खी भावंडे आहेत. हान्लेच्या दुर्बिणीवर २०१३ मध्ये बसवलेल्या टीआयएफआरच्या टिरस्पेक या उपकरणातील पारा, कॅडमियम आणि टेल्युरियमची चकतीही अमेरिकेचीच, टेलिडाइन कंपनीची. वेब दुर्बिणीच्या एका कॅमेऱ्यातही त्याच घराण्यातील चकत्या आहेत.

अशा वस्तू बाजारात पैसे मोजून सहज मिळत नाहीत. अवरक्त चकत्या ‘दुहेरी उपयोगाच्या’ वस्तूंच्या यादीत मोडतात आणि त्यांच्या निर्यातीवर अमेरिका व युरोपीय देशांचे परवान्यांचे कडक नियंत्रण असते. या निर्यातीचे संकेत ठरवणाऱ्या वासेनार व्यवस्थेत भारताला २०१७च्या डिसेंबरात प्रवेश मिळाला. परंतु सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. ताऱ्यांच्या अभ्यासासाठी मागवलेल्या चकतीलाही क्षेपणास्त्राच्या चकतीसारखेच प्रश्न विचारले जातात, आणि विकणाऱ्याच्या बाजूने पाहता ते सर्वस्वी गैरही म्हणता येत नाहीत.

दिल्लीतील संरक्षण संशोधन संस्थेची सॉलिड स्टेट फिजिक्स प्रयोगशाळा पारा-कॅडमियम-टेल्युराइडच्या चकत्यांवर अनेक दशके काम करीत आहे. या पदार्थाचे स्फटिक वाढवणे हे अत्यंत नाजूक काम आहे. पाऱ्याचे प्रमाण किंचित ढळले तरी चकतीची दृष्टी वेगळ्याच तरंगलांबीकडे सरकते, आणि लाखो बिंदू असलेल्या चकतीवर हे प्रमाण सर्वत्र सारखे राखावे लागते. रणगाड्याच्या कॅमेऱ्याला काही आंधळे बिंदू चालून जातात. दूरच्या ताऱ्याचे एकेक प्रकाशकण मोजणाऱ्याला ते चालत नाहीत, म्हणून दोन्ही क्षेत्रांच्या गरजा पुरवणारी स्वदेशी चकती हे अधिकच कठीण उद्दिष्ट ठरते.

भारताने क्ष-किरण आणि अतिनील प्रकाशासाठी २०१५ मध्ये अ‍ॅस्ट्रोसॅट अवकाशात पाठवला. अवरक्त खगोलशास्त्रासाठी स्वतंत्र उपग्रह मात्र देशाने अद्याप सोडलेला नाही. टीआयएफआरच्या गटाने आकाशाच्या मोठ्या भागाचा अवरक्त वर्णपट घेणाऱ्या एका छोट्या उपग्रह-दुर्बिणीची संकल्पना मांडली आणि तिचा प्रयोगशाळेतील नमुनाही उभा केला. फुगा आणि फुग्यावरची दुर्बीण या देशातच घडवण्याचा अनुभव या गटापाशी आहे. उपग्रहाच्या दुर्बिणीसाठी लागणारी चकती कोणाकडून घ्यायची, या प्रश्नाला मात्र अजून बाहेरच्याच देशाचे उत्तर आहे.